सॉल्टेअर बघायचं तर मागून

लीड्सहून स्किप्टनची ट्रेन पकडली की थोड्याच वेळात सॉल्टेअर येतं. टायटस सॉल्ट या लोकर गिरणीच्या मालकानं १८५१ पासून आपल्या कामगारांसाठी बांधवून घेतलेलं हे गाव. २००१ पासून युनेस्कोच्या यादीत. तुम्ही फोटो पाहिले असतील तर ते दर्शनी बाजूचेच असणार: पिवळसर दगड, कमानदार खिडक्या, सॉल्टच्या मुलामुलींच्या नावांचे रस्ते. लॉकवुड आणि मॉसन या आर्किटेक्टांनी ही बाजू देखणी केली आहे, वाद नाही. मला ती शाळेच्या गॅदरिंगसारखी वाटते. सगळे रांगेत, इस्त्री केलेले.

खरं डिझाइन मागे आहे. प्रत्येक घराला दगडी भिंतीचं छोटं अंगण आणि त्यात संडास, कोळशाची खोली, राखेचा खड्डा. शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये तेव्हा कित्येक कुटुंबं मिळून एक संडास वापरत होती. सॉल्टचं कौतुक करायचं तर इथे करावं.

पण तो मैला कुणीतरी मागच्या गल्लीतून उचलून नेत होतं. गल्ली होती ती त्या माणसासाठी. मी वाचलेल्या कौतुकात तो कुठेच नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींमधली हाउस गल्ली आठवा. ती चिंचोळी फट याच कामासाठी सोडलेली. आपल्याकडे मात्र हे काम करणाऱ्याची जात आधीच ठरलेली होती. दोन्ही गल्ल्या सारख्या म्हणून हा फरक पुसता येत नाही.

इंग्लंडचा कायदा या बाबतीत समंजस आहे. घर ‘लिस्टेड’ असेल तर त्याच्या आवारातली, १ जुलै १९४८ च्या आधीपासूनची बांधकामंही सहसा संरक्षित धरली जातात. भिंत आणि संडाससुद्धा!

अडचण येते ती दुरुस्तीत. अशा जुन्या भिंतींचे सांधे चुन्याचे; भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून उडून जायचं. हौसेनं त्यात सिमेंट भरलं की पाणी दगडातूनच वाट काढतं, थंडीत गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मागच्या गल्लीत एका भिंतीवरून बोट फिरवलं तर दगडाची भुकटी हाताला लागली. सिमेंटच्या रेघा मात्र जशाच्या तशा, दगडाच्याही पुढे आलेल्या.