पंधरा तास कशाचे?

रेडिओ-नियंत्रित विमानाच्या ट्रान्समीटरबरोबर एक माहितीपत्रक येते. त्यात बॅटरीविषयी फार तर अर्धे पान मजकूर असतो. या अर्ध्या पानाचे परीक्षण करायचे आम्ही योजले आहे. पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, चार्जरच्या सूचनांचे कोणी करत नाही. पण विज्ञानातली जी वाक्ये लोक रोजच्या व्यवहारात खरोखर पाळतात, ती बहुतेक अशाच पत्रकांत असतात. पाठ्यपुस्तकातले वाक्य परीक्षेनंतर विसरले जाते. 'पंधरा तास चार्ज करा' हे वाक्य मात्र वीस वर्षे टिकते. म्हणून ते तपासून पाहायला हवे.

आमचा या पत्रकाशी संबंध आला तो असा. एका शाळेच्या विज्ञान मंडळाला एक जुना ट्रान्समीटर भेट मिळाला. त्यात पेन्सिल सेलच्या आकाराचे आठ निकेल-कॅडमिअम सेल एकसरीत जोडलेले होते. प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ९.६ व्होल्ट, क्षमता ६०० मिलिअँपियर-तास. सेल अर्थातच कधीचे संपलेले. तसा तयार पॅक आता मिळेना. कॅडमिअम विषारी असल्याने युरोपीय संघाने २००६ सालच्या निर्देशाने लहान बॅटऱ्यांतल्या कॅडमिअमवर कडक मर्यादा घातली, आणि हे सेल मागे पडून निकेल-मेटल हायड्राइड सेल पुढे आले. तेव्हा मुलांनी त्या प्रकारचे, जोडपट्ट्या लावलेले आठ सेल आणून नवा पॅक बांधला. क्षमता २००० मिलिअँपियर-तास, म्हणजे जुन्याच्या तिपटीहून अधिक.

पत्रकात लिहिल्याप्रमाणे बॅटरी जुन्या चार्जरवर पंधरा तास ठेवली. ट्रान्समीटर चालू असताना सुमारे २०० मिलिअँपियर प्रवाह घेतो, तेव्हा तो दहा तास चालावा अशी अपेक्षा होती. तो तीन तासांच्या थोडा पुढे गेला आणि बंद पडला. दुकानदाराने जुने सेल नव्या वेष्टनात घालून दिले, असा निकाल सर्वांनी दिला. आम्हीही त्याला जवळजवळ मान डोलावली होती. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने चार्जरच्या पाठीवरचा आकडा वाचला: ६० मिलिअँपियर. उरलेले काम गुणाकाराने केले.

साठ गुणिले पंधरा म्हणजे ९०० मिलिअँपियर-तास. एवढाच विद्युतभार बॅटरीत गेला. गेलेला सगळा साठत नाही. विशेषतः भरत आल्यावर काही प्रवाह धनाग्रापाशी ऑक्सिजन तयार करण्यात आणि शेवटी उष्णतेत जातो. म्हणून हळू चार्ज करताना क्षमतेच्या सुमारे १.४ पट विद्युतभार द्यावा लागतो. ९०० ला १.४ ने भागले की सुमारे ६४० उरतात. २०० मिलिअँपियरने ते तीन तास बारा मिनिटे पुरतात. बॅटरी खोटी नव्हती, ती एकतृतीयांशही भरलेली नव्हती. ती पूर्ण भरायला त्या चार्जरवर सुमारे ४७ तास लागले असते.

पंधरा तासांचा नियम

पत्रक चुकीचे होते का? मूळच्या बॅटरीसाठी ते अगदी बरोबर होते. ६०० भागिले ६० म्हणजे दहा तास, त्याच्या १.४ पट चौदा, आणि थोडी सवड धरून पंधरा. क्षमतेच्या एक-दशांश प्रवाह निवडण्यातही शहाणपण होते. इतक्या मंद प्रवाहात तयार होणारा ऑक्सिजन सेलच्या आतच ऋणाग्रावर पुन्हा शोषला जातो, सेल फारसा तापत नाही, आणि रात्री लावलेला चार्जर सकाळी काढायला दोन तास उशीर झाला तरी बिघडत नाही. घड्याळाखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही. ज्याने ही सूचना लिहिली, त्याला विषय चांगला माहीत होता.

आमची तक्रार वेगळी आहे. त्याने उत्तर लिहिले आणि गणित खोडून टाकले. 'पंधरा तास' हा आकडा दोन आकड्यांच्या भागाकारातून आला आहे, हे वाचकाला कळायला जागाच ठेवली नाही. बॅटरी बदलली की भागाकार बदलतो, पण वाचकाच्या हाती फक्त उत्तर असते. तो ते नव्या बॅटरीला लावतो आणि दोष दुकानदाराला देतो. 'तास म्हणजे बॅटरीची क्षमता भागिले चार्जरचा प्रवाह, गुणिले १.४' एवढी एक ओळ छापली असती, तर पत्रक मूळ बॅटरीच्या आयुष्यापलीकडेही उपयोगी पडले असते.

'पूर्ण रिकामी करूनच चार्ज करा'

दुसरी सूचना याहून प्रसिद्ध आहे. बॅटरीला 'स्मृती' असते. अर्धवट वापरून चार्ज केली तर ती तेवढीच क्षमता लक्षात ठेवते. म्हणून दर वेळी पूर्ण रिकामी करावी. हिच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. उपग्रहांतल्या निकेल-कॅडमिअम बॅटऱ्या कक्षेतल्या प्रत्येक फेरीत ठरावीक प्रमाणात रिकाम्या होत आणि पुन्हा भरत. अशी नेमकी तीच फेरी असंख्य वेळा झाल्यावर त्या ठरावीक बिंदूपाशी त्यांचे विभवांतर घसरलेले दिसे. पण छंदिष्टाचा ट्रान्समीटर एका रविवारी वीस मिनिटे चालतो, दुसऱ्या रविवारी दीड तास. तिथे ही नेमकी पुनरावृत्ती होतच नाही. घरगुती वापरात 'स्मृती' म्हणून जे दिसते, ते बहुतेक वेळा सततच्या जादा चार्जिंगमुळे घटलेले विभवांतर असते, किंवा सेलचे म्हातारपण.

नियमाचे कारण सांगितले नसले की तो किती ताणायचा हेही कळत नाही. आठ सेल एकसरीत असतात आणि आठही कधीच सारखे नसतात. बॅटरीला दिवा जोडून ती रात्रभर 'पूर्ण रिकामी' करायला ठेवली, तर सर्वांत दुबळा सेल आधी संपतो. उरलेले सात त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि त्याचे धन-ऋण उलटे होते. असा सेल कायमचा बिघडतो. म्हणून निकेलच्या सेलला प्रत्येकी एक व्होल्टच्या, म्हणजे आठ सेलना मिळून आठ व्होल्टच्या खाली नेऊ नये.

हाच नियम लोक आज लिथिअम बॅटरीलाही लावताना दिसतात. लिथिअम-आयन सेल बाजारात आले १९९१ साली, आणि त्यांना ही 'स्मृतीची' काळजी लागू नाही. उलट सेल तीन व्होल्टच्या बराच खाली गेला तर त्याची रचनाच बिघडते, आणि तो पुन्हा चार्ज करणे धोक्याचे ठरते. एका सेलसाठी वाजवीहून ताणलेली सूचना दुसऱ्या सेलसाठी सरळ घातक ठरली आहे.

हिरवा पट्टा

पत्रकाची तिसरी सूचना मीटरविषयी: 'काटा हिरव्या पट्ट्यात असेपर्यंत उड्डाण करावे.' मीटर विभवांतर मोजतो, उरलेला विद्युतभार मोजत नाही. निकेलच्या सेलचे विभवांतर बराच काळ १.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहते आणि शेवटी एकदम कोसळते. काटा हिरव्यात असताना बॅटरी अर्धी भरलेली असेल किंवा दहा मिनिटांत संपणारी असेल. काटा दोन्ही वेळा जवळपास तेच सांगतो. उड्डाणाच्या मैदानावर ही दहा मिनिटे महत्त्वाची असतात. नियंत्रण सुटलेले दोन किलोचे विमान कुठे पडेल हे कोणी सांगू शकत नाही.

नव्या बॅटरीने गोंधळ आणखी वाढतो. आठ निकेल सेलच्या जागी तीन लिथिअम-आयन सेल बसवले, तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते. ते त्या ट्रान्समीटरला झेपेल की नाही, हे आधी पाहावे लागते. आणि विभवांतर ९.९ वर उतरते तेव्हा प्रत्येक सेल ३.३ व्होल्टवर, म्हणजे संपत आलेला असतो. जुना मीटर मात्र तेव्हाही हिरवाच दाखवतो, कारण त्याच्या दृष्टीने ९.९ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी. मीटर खोटे बोलत नाही. तो दुसऱ्याच बॅटरीविषयी बोलत असतो.

'सोबतचाच चार्जर वापरा'

ही चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. ती पाळलीच पाहिजे, आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते, कारण ती विक्री वाढवण्यासाठी लिहिली आहे असे वाचकाला वाटते. कारणे मात्र खरी आहेत. फुताबाच्या ट्रान्समीटरमध्ये चार्जिंगच्या खोबणीतली मधली पिन धन असते, जेआरच्या ट्रान्समीटरमध्ये ऋण. प्लग एकमेकांच्या खोबणीत बसला तरी प्रवाह उलटा जाणार. काही ट्रान्समीटरमध्ये उलट्या प्रवाहाला अडवणारा डायोड असतो. मग बॅटरी भरल्यावर होणारी विभवांतराची बारीकशी घट ओळखून थांबणारा शीघ्र चार्जर त्या खोबणीतून नीट काम करत नाही. अशा वेळी बॅटरी बाहेर काढूनच चार्ज करणे बरे.

याहून गंभीर दोन कारणे आहेत. काही ट्रान्समीटरमध्ये आठ सुटे सेल बसणारी पेटी असते. तिच्यात साधे अल्कलाइन सेल घालून कोणी सवयीने चार्जर लावला, तर ते गळतात, फुटूही शकतात. आणि निकेलचा साधा चार्जर लिथिअम बॅटरीला कधीही लावू नये. लिथिअम-आयन सेल ४.२ व्होल्टला पोहोचला की तिथे विभवांतर धरून ठेवून प्रवाह कमी करत न्यावा लागतो. साठ मिलिअँपियरचा जुना चार्जर हे जाणत नाही, तो ढकलतच राहतो. याचा शेवट आगीत होऊ शकतो. 'सोबतचाच चार्जर वापरा' या तीन शब्दांच्या मागे हे सगळे उभे आहे, आणि त्यातले एकही पत्रकात नाही.

आजची पत्रके सुधारली आहेत का? नवे ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. काहींत मोबाइलच्या चार्जरची तार सरळ लावता येते आणि आतले मंडल बाकीचे सांभाळते. सूचना उरते ती एवढीच: दिवा बदलेपर्यंत चार्ज करा. सोय वाढली हे निःसंशय. पण चार वर्षांनी ती बॅटरी बदलायची वेळ आली, की हा वाचक त्या शाळेतल्या मुलांहूनही रिकाम्या हाताने दुकानात उभा असेल. त्याच्याकडे भागायला आकडेसुद्धा नसतील.

वर्गात काय करता येईल

शिक्षकांना यातून एक चांगला प्रयोग मिळतो. बागेतल्या सौरदिव्यात ६०० मिलिअँपियर-तासांचा निकेल-मेटल हायड्राइड सेल बहुधा सापडतो. तो एक व्होल्टपर्यंत रिकामा करून घ्यावा. मग ६ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्याला ७५ ओहमचा अर्ध्या वॉटचा रोध एकसरीत जोडून तो चार्ज करावा. प्रवाह सुमारे ६० मिलिअँपियर राहतो. एकदा सात तास आणि एकदा चौदा तास चार्ज करावे. दोन्ही वेळा त्यानंतर ४.७ ओहमचा एक वॉटचा रोध जोडून दर दहा मिनिटांनी विभवांतर नोंदवावे आणि एक व्होल्टला थांबावे. आलेख काढला की सपाट भाग आणि शेवटचा उतार डोळ्यांनी दिसतो. हिरव्या पट्ट्यावर का विसंबू नये ते वेगळे समजावावे लागत नाही. दोन आलेखांच्या लांबीची तुलना केली की 'पंधरा तास' कुठून आले तेही कळते.

त्या शाळेतल्या मुलांनी पुढे पॅक ४७ तास चार्ज केला आणि ट्रान्समीटर किती चालतो ते घड्याळ लावून पाहिले. नऊ तासांहून थोडे अधिक. मग त्यांनी एका कागदावर सेलचा प्रकार, संख्या, क्षमता, चार्जरचा प्रवाह, तासांचे सूत्र, 'आठ व्होल्टखाली नेऊ नये' ही ओळ आणि पॅक बांधल्याची तारीख लिहिली, व तो कागद बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. पुढच्या तुकडीला बॅटरी बदलावी लागली तर तिला हे झाकण उघडावेच लागेल. जुने कॅडमिअमचे आठ सेल त्यांनी टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे सेल कचऱ्याच्या पेटीत टाकायचे नसतात, ते संकलन केंद्रात द्यायचे असतात. पत्रकात यावर एक शब्दही नाही, म्हणून मुलांनी तीही सूचना आपल्या कागदावर शेवटी लिहिली आहे.