पेरोव्हस्काइटची टक्केवारी आणि मालवणची हवा

आषाढात मिठाच्या बरणीचे काय होते, हे मालवण किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. मिठाला पाणी सुटते, खिडकीचे गज गंजतात, पुस्तकांना बुरशी येते. पावसाळ्यात येथील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पेरोव्हस्काइट सौरघटांवरील लोकप्रिय लेख वाचताना आम्हाला ही बरणी आठवते. कारण बहुतेक लेखांत हवेचा विचारच नसतो.

या लेखांचा साचा ठरलेला आहे. २००९ साली जपानमधील मियासाका यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आता ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली. म्हणजे सिलिकॉनचे दिवस भरले! आकडे खरे आहेत. आमचा आक्षेप आकड्यांवरच थांबण्याला आहे.

मूळ पेरोव्हस्काइट हे कॅल्शियम, टायटॅनियम व ऑक्सिजन यांचे खनिज. ते १८३९ साली उरल पर्वतातील नमुन्यांत ओळखले गेले. सौरघटातील पदार्थाची रचना त्याच धर्तीची, घटक मात्र वेगळे. शिशाच्या प्रत्येक अणूभोवती आयोडीनचे सहा अणू, अशी अष्टफलके कोपऱ्यांनी जोडून तिन्ही दिशांना पसरतात. मधल्या पोकळ्यांत मिथिलअमोनियमचे आयन बसतात. हा एक प्रकारचा क्षारच. बाष्प आत शिरले की जाळी मोडते आणि पिवळे लेड आयोडाइड उरते.

यावरचा एक उपाय म्हणजे निम्नमितीय पेरोव्हस्काइट. यात लांब कार्बनी आयन घालून जाळीचे पातळ थर अलग केलेले असतात. लेखक त्याला नुसते ‘द्विमितीय’ म्हणून सोडून देतात आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर कागद उभा राहतो. खरे तर ही जिना नसलेली अनेक मजली इमारत आहे. विद्युतप्रभार मजल्यावर फिरतो, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर सहज जात नाही. कार्बनी थर पाण्याला अडवतो आणि प्रभारालाही अडवतो. खरी अडचण येथे आहे.

स्टॅनफर्डमधील हेमामाला करुणादासा यांच्या गटाने २०१४ साली दाखवले की, असा पापुद्रा ५२ टक्के आर्द्रतेत ४६ दिवस टिकतो; पण घटाची कार्यक्षमता होती ४.७३ टक्के. २०१६ साली आदित्य मोहिते, मर्कूरी कानाट्झिडिस आणि सहकाऱ्यांनी तापवलेल्या तळावर स्फटिक असे वाढवले की थर उभे राहिले आणि प्रभाराला वाट मिळाली. कार्यक्षमता १२.५२ टक्क्यांवर गेली. आवरण नसलेल्या घटाने सतत प्रकाशात २,२५० तासांनंतरही मूळ कार्यक्षमतेचा ६० टक्क्यांहून अधिक भाग राखला. आर्द्रतेची चाचणी ६५ टक्क्यांवर झाली.

हे काम मोलाचेच आहे. पण २,२५० तास म्हणजे सुमारे ९४ दिवस. आपला पावसाळा चार महिन्यांचा. प्रत्यक्ष पट्टीवर काच व सीलबंद आवरण असेल हे मान्य. तरी खाऱ्या वाऱ्यात ते किती वर्षे टिकेल, आणि फुटल्यास शिसे मासेमारीच्या किनाऱ्यावर कुठे जाईल, हे लेखकाने विचारायला नको काय?

शिक्षकांनी असा लेख वर्गात वाचताना प्रत्येक टक्केवारीपुढे तीन प्रश्न लिहावेत : किती काळ? कोणत्या हवेत? आवरणासह की आवरणाविना? ज्या लेखात उत्तरे नाहीत, तो अपुरा समजावा.