केरसुणी आणि परीस

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी नवी केरसुणी पाटावर मांडीत. तिला हळदकुंकू लागे, फूल वाहिले जाई, आणि दुसऱ्या दिवसापासून ती बिचारी मुकाट्याने कामाला लागे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे अजूनही होत असेल. मला मात्र त्या संध्याकाळची आणखी एक आठवण आहे. गल्ली झाडणारी बाई दिवाळीचे पोस्त मागायला यायची. ओसरीची पायरी चढण्याची तिला मुभा नव्हती. चकली-करंजी वरूनच तिच्या पदरात टाकीत. केरसुणी पाटावर आणि केरसुणी धरणारी पायरीखाली! त्या वयात मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. वावगे वाटले ते पुढे कॉलेजात, आणि तेही एक इंग्रजी कविता वाचताना.

ती कविता जॉर्ज हर्बर्टची. नाव 'दि एलिक्झर'. हर्बर्ट हा मोठ्या घराण्यातला. केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता, काही काळ पार्लमेंटचा सभासद, दरबारात वर चढण्याची सगळी लक्षणे असलेला माणूस. पण 1630 साली तो सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन नावाच्या लहानशा गावी पाद्री होऊन बसला आणि तीन वर्षांच्या आत, 1633 च्या मार्चमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी त्याचा 'द टेम्पल' हा संग्रह निघाला. 'दि एलिक्झर' त्यातलीच, चार-चार ओळींच्या सहा कडव्यांची.

कवितेचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक कामात मला तूच दिसावास, असे मागणे कवी देवाकडे मागतो. देवासाठी म्हणून केले की कोणतेही काम हलके राहत नाही. यासाठी त्याने दाखला घेतला आहे तो खोली झाडणाऱ्या नोकराचा. काम म्हणजे देवाने सोपवलेली कामगिरी, हा ख्रिस्ती विचार इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या घरगुती चित्रातून मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पण कविता वाटते तितकी भाबडी नाही. एलिक्झर म्हणजे किमयागारांचे ते रसायन, आपल्या भाषेत परीस. शेवटच्या कडव्यात त्या दगडाचा उल्लेखच आहे. आणि लगेच पुढे देवाच्या 'स्पर्शा'ची गोष्ट येते. त्या काळच्या इंग्रजीत या शब्दाला सराफाच्या पेढीवरचाही एक अर्थ होता : सोने कसोटीवर घासून पाहणे. म्हणजे एकाच कडव्यात दोन दगड आहेत. परीस लोखंडाचे सोने करतो. कसोटी काहीच करीत नाही. सोने आहे की नाही एवढेच सांगते. मग झाडणाऱ्याचे काम मुळात लोखंड होते आणि देवाच्या स्पर्शाने त्याचे सोने झाले, की ते आधीपासूनच सोने होते आणि कस लावून पाहण्याची तसदी आपणच घेतली नव्हती? हर्बर्टने याचा निकाल दिलेला नाही. एका जुन्या हस्तलिखितात या कवितेचे पहिले नाव 'पूर्णता' असे होते आणि दगडाचे कडवे मागाहून घातलेले आहे. कवीने मुद्दाम परत येऊन ही अडचण उभी केली, असे मला वाटते, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आता आक्षेपाकडे वळू. ही कविता मालकाच्या सोयीची आहे, असे कोणी म्हटले तर त्याला गप्प बसवता येणार नाही. तुझे झाडणे देवाला पोचते, तेव्हा झाडत राहा. पगाराचे पुढे पाहू! आपल्या देशात तर हा उपदेश फार जुना. ज्याचे त्याचे काम जन्माबरोबर देवानेच नेमून दिले आहे, असे सांगून आपण पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांच्या हातातली केरसुणी सुटू दिली नाही. जातिभेद ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 साली दाखवून दिले. त्यानंतर 'दि एलिक्झर' निरागसपणे वाचणे मराठी वाचकाला शक्य नाही, आणि वाचूही नये.

ख्रिस्ती परंपराही या बाबतीत सोवळी नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो, की ज्या स्थितीत पाचारण झाले तीत माणसाने राहावे. या विसाव्या वचनावर पुष्कळ धर्मोपदेशक सुखाने झोपले. पण एकविसावे वचन त्याला लागूनच आहे, आणि त्यात गुलामाला मोकळे होता आले तर काय करावे, याची गोष्ट आहे. संधी साधावी, असा त्याचा अर्थ बहुतेक करतात. काही भाषांतरकार उलटाही करतात. कोणता अर्थ घ्यावा हे मूळ ग्रीक वाक्यावरून पक्के ठरत नाही. त्यासाठी माणसे काय करून गेली ते पाहावे लागते.

आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी काय केले ते पाहा. जिच्यासाठी कोपरा आणि लाल अलवण एवढेच राखून ठेवलेले होते त्या विधवेला, आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींना, त्यांनी विणकाम दिले, शेती दिली, छापखाना दिला. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणायला घेतले आणि 5 एप्रिल 1922 ला मृत्यू येईपर्यंत ते काम धरून ठेवले. त्यासाठी छापखान्यात खिळे जुळवले ते त्याच बायकांनी. त्यांना देवाचे पाचारण आहे तिथे बसवून ठेवणारे नव्हते, तिथून उठवणारे होते.

हर्बर्टच्या बाजूनेही एक साक्ष काढली पाहिजे. त्याच्या मरणानंतर, 1652 साली, खेड्यातल्या पाद्र्याच्या कर्तव्यांवरचे त्याचे गद्य पुस्तक निघाले. त्यात आळस हे साऱ्या देशाचे मोठे पाप आहे असे तो म्हणतो. हे बोलणे मजुराला उद्देशून असेल असे वाटावे, तर तो बोट दाखवतो सरदार-जमीनदारांच्या मुलांकडे. त्यांनाही काम हवे, बसून खाणे कोणालाच माफ नाही. स्वतःच्याच जातकुळीला असे सुनावणाऱ्याला निव्वळ मालकांचा भाट म्हणता येत नाही.

तरीही खटकते ते खटकतेच. या कवितेत झाडतो नोकर आणि पाहतो देव. जनाबाई आठवा. ती स्वतःच दासी. नोकराबद्दल लिहिणारी नव्हे, नोकर म्हणून बोलणारी. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्या कामाला मान देऊन थांबत नाही. तो जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो, तिने झाडलेला केर भरतो. हर्बर्टच्या खोलीत देव येतो तो कस लावायला. जनीकडे येतो तो बाही सरसावून. दोन्ही कविता शेजारी ठेवल्या की मला जनीची अधिक खरी वाटते, आणि यात माझ्या मराठीपणाचा पक्षपात असेल तर असो.

पण हर्बर्टला एवढ्यावर सोडणे अन्यायाचे होईल. 'दि एलिक्झर'नंतर पाचच छोट्या कविता येतात आणि संग्रहाच्या मुख्य भागाचा शेवट 'लव्ह' या कवितेने होतो. धुळीने भरलेला, ओशाळलेला एक पाहुणा दारात अडखळतो. यजमान त्याचा हात धरून त्याला आत घेतो. पाहुणा म्हणतो, मग मी वाढप्याचे काम करीन. यजमान ते चालू देत नाही. तो त्याला जेवायला बसवतो, आणि पाहुणा बसतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायात धनी स्वतः कंबर बांधून चाकरांना वाढतो, त्याचीच ही छाया. खोली कोणासाठी झाडली होती ते इथे कळते. पहिली कविता लोक गातात, संग्रहांत घालतात; पण तिचे उत्तर या दुसरीत आहे, आणि दोन्ही एका बैठकीत वाचल्याशिवाय हर्बर्टचे कामाविषयीचे म्हणणे पुरे होत नाही.

आईच्या उतारवयात एकदा, दिवाळीतच, मी तिला या दोन्ही कवितांचा अर्थ मराठीत सांगितला होता. पहिली तिला आवडली. केरसुणीशी तिची ओळख जुनी. दुसरी तिने शेवटपर्यंत ऐकली, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "जेवला ते बरे झाले. पण मग ताटे कोणी घासली?"

हर्बर्टने ते लिहिलेले नाही.