गोडीला कडूचा आधार

साहित्यविषयक अंकात मद्याची चर्चा पाहून मळमड्डीतील काही जुन्या घरांत कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचताना अन्नाबरोबर पेयांचाही विचार केलाच होता. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांस करावयाचा नाही. परीक्षण केवळ चवीचे आहे.

‘बार्ली वाईन’ हे नाव फसवे आहे. तीत द्राक्षे नसतात. ही सातूची जड इंग्रजी बिअर. मद्यार्क साधारणतः ८ ते १२ टक्के, म्हणजे वाईनच्या तोडीचा, म्हणून हे नाव. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या गृहिणींना तिचे मूळ तंत्र निराळे सांगावयास नको. मोड आलेल्या धान्यातील पिष्टाची साखर होते. सातूचा असा दाट, गोड काढा बराच वेळ उकळतात, हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून त्यास कडवटपणा आणतात आणि मग यीस्ट घालून आंबवितात. मद्यार्क वाढत गेला की यीस्ट थकते व काही साखर तशीच उरते. गोडी येते ती येथून.

विलायतेहून आलेल्या अशा एका बाटलीतील दोन घोट आम्ही सावकाश घेतले. रंग काकवीचा, वास प्रथम खजुराचा, मग मनुकांचा. पहिल्या घोटातील खमंग गोडीने लाईन बाजारातील पेढ्याची आठवण झाली. हे साम्य निव्वळ कल्पनेतले नव्हे: खवा परतताना तांबूस होतो, तेव्हा त्यात घडणारी क्रिया आणि सातू भाजताना वा काढा उकळताना घडणारी क्रिया एकाच जातीची. घशाला ऊब आली. येथवर सारे उत्तम. पुढे कडवटपणा येईल म्हणून वाट पाहिली, तो आलाच नाही. जिभेवर चिकट गोडी तेवढी रेंगाळली. दुसरा घोट जड गेला. योग्य अवस्थेला कानडीत ‘हद’ म्हणतात. तीच येथे चुकली होती.

या प्रकारातील प्रसिद्ध पेय एका कादंबरीकाराच्या नावाचे आहे. टॉमस हार्डी यांच्या निधनास चाळीस वर्षे झाली, तेव्हा १९६८ साली डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप कंपनीने ते काढले. बाटलीत वर्षानुवर्षे मुरावे, अशीच त्याची घडण. मुरताना कडूपणा ओसरत जातो. म्हणून तो आरंभीच भरपूर असावा लागतो. ‘टेस’ आणि ‘ज्यूड’ लिहिणाऱ्या हार्डींचे नाव अशा पेयास शोभते.

हा नियम आपल्या लेखनासही लागू पडतो. जुन्या धारवाडच्या आठवणी आपण आवडीने लिहितो. त्यांत पाऊस असतो, पेढा असतो, गाण्याच्या बैठका असतात. परंतु १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हाची घराघरांतील घालमेल, मुलांना कोणत्या माध्यमात घालावे हा पेच, पुण्याकडे निघून गेलेल्या भावंडांशी आलेला दुरावा, हे सारे त्यांतून गळून गेलेले असते. काळ कडूपणा आपोआप ओसरवतो. लेखकाने त्यास आणखी मदत करू नये. गोडी आम्हांसही प्रिय आहे. पण पुढील अंकांसाठी आठवणी लिहिणाऱ्यांनी हॉप्सची मात्रा थोडी वाढवावी, ही विनंती.