तार ओढता येत नाही तेव्हा

तंजावरात वीणा करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी मोबाइलवर हार्पसिकॉर्ड ऐकवलं. योहान याकोब फ्रोबर्गरची रचना. त्याचा ल्यूटवादक मित्र ब्लांरोशे १६५२ साली पॅरिसमध्ये जिन्यावरून पडून वारला, त्याच्या शोकाची. फणसाच्या दांडीवर मेणात पडदे बसवण्याचं काम थांबवून कारागिरानं ऐकलं आणि तमिळमध्ये एवढंच विचारलं, “हा तार ओढत का नाही?”

प्रश्न रास्त होता. वीणेवर पडद्यावरची तार आडवी खेचली की एका आघातातून तीन-चार स्वर निघतात. गमक हाच तिथला जीव. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की एक बारीक नखी तार छेडते आणि बोटाचा तारेशी संबंध तिथेच तुटतो. जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. तो स्वर फुलवता येत नाही, हलवता येत नाही. तो फक्त विझतो.

फ्रान्स्वा कूपरँला ही उणीव फार जाचत असावी. १७१३च्या आपल्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत तो तिच्याबद्दल बोलतो. त्यानं काढलेली एक युक्ती मला कुठल्याही तानेपेक्षा मोठी वाटते: स्वर अपेक्षित क्षणाहून किंचित उशिरा वाजवायचा. त्या उशिराला त्यानं लिपीत चिन्हही दिलं. आवाज वाढत नसेल तर स्वराआधीची शांतता वाढवायची, आणि कानाला तीच चढत्या आवाजासारखी भासते.

बरोक म्हणजे गणित, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मीही लिहिलंय, बाखच्या फ्यूगचं कौतुक करताना. मग माझे गुरुजी गेले. कित्येक महिने मला सतार ऐकवेना. मींड लागली की गळा दाटे. त्या दिवसांत फक्त हेच संगीत ऐकवत होतं आणि मी समजत होतो, यात भावना कमी आहे म्हणून. ती समजूत फ्रोबर्गरनं मोडली. ही रचना सावकाश, कुठलीही मात्रा न पाळता वाजवावी अशी सूचना तिच्यासोबत येते. म्हणजे आपला आलापच की! पण आलापात सुराला धरून राहता येतं. इथे धरायला काही नाही. शेवटी एकेक स्वर खाली उतरत पट्ट्यांच्या तळाशी जातो. त्यात कुणाला जिना ऐकू येतो, कुणाला खड्डा.

दुपारी शिवगंगा तळ्याजवळच्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये गेलो. हा जर्मन मिशनरी हाल्ले इथे, म्हणजे हेंडेलच्या गावी शिकला आणि १७५०च्या जुलैत भारतात आला. त्याच महिन्यात तिकडे लाइप्झिगला बाख वारला. श्वार्ट्झनं सरफोजीराजांना शिकवलं, गादीच्या वादात त्यांची बाजू लावून धरली. तो १७९८ साली गेला. चर्चमधल्या फ्लॅक्समनच्या संगमरवरी शिल्पात राजे त्याच्या मृत्युशय्येपाशी आहेत. थडग्याच्या शिळेसाठी त्यांनी स्वतः ओळी रचल्या, त्या इंग्रजीत, यमक जुळवून. नृत्यासाठी मराठी रचना करणारा, दरबारी युरोपीय वाद्यवृंद बाळगणारा हा राजा शोकासाठी मात्र परक्या भाषेच्या चौकटीत शिरला. कविता म्हणून त्या ओळी बेताच्याच आहेत. पण यमकासाठी शब्द शोधताना हा माणूस किती वेळ थांबला असेल, ते मला त्या ओळींत ऐकू येतं. मराठीत लिहिलं असतं तर कदाचित त्यांना रडू आवरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कारागिराचा निरोप घ्यायला गेलो. त्यानं तीच रचना पुन्हा लावायला सांगितली. सगळी नको, फक्त शेवट. स्वर उतरत गेले. अखेरचा खर्ज वाजला, तेव्हा शेजारी दुसरा माणूस लाकूड तासत होता. त्याला हातानं थांबवून तो मोबाइलकडे वाकला आणि आवाज पुरता विझेपर्यंत तसाच बसून राहिला.