'द स्काय इज पिंक' : घराबाहेरची शुश्रूषा

शोनाली बोस यांचा हा हिंदी चित्रपट (२०१९) ऐषा चौधरी हिच्या खऱ्या आयुष्यावर बेतलेला आहे. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या या मुलीचे अस्थिमज्जा-रोपण लंडनला झाले. आईवडिलांची ओढाताण आम्हांला अस्सल वाटली. उपचारांचा घाव पुढे फुप्फुसांवर उमटला, हेही दिग्दर्शिकेने झाकलेले नाही. शुश्रूषा मात्र येथे घरापुरतीच राहते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ सालीच नऊ वर्षांच्या मुलीवर असे रोपण झाले. आता वेळापूरचे मूलही उपचार घेऊन गावी परतू शकते. मज्जा रक्तासारखी शिरेतून चढवतात. (त्याला शस्त्रक्रिया म्हणू नये.) कसोटी नंतरची. आधीच्या लसींचे संरक्षण बहुधा पुसले जाते, त्या पुन्हा टोचाव्या लागतात. गोवराची लस जिवंत विषाणूंची, म्हणून ती साधारण दोन वर्षे देता येत नाही. माउलींची पालखी वेळापुरी मुक्कामाला आली की आई मुलाला गर्दीपासून दूर ठेवील. पण वर्गात कोणाला कांजिण्या आल्या तर? डॉक्टरांना तातडीने औषध ठरवावे लागते. त्याच दिवशी घरी निरोप धाडणाऱ्या वर्गशिक्षकाला या चित्रपटात जागा नाही.