इंद्रधनुष्यात काळा रंग नसतो

आमच्या गावच्या अंगणवाडीच्या भिंतीवर एक मोठं ताट रंगवलेलं आहे. ताटाचे सात तुकडे, सात रंग. लाल तुकड्यात टोमॅटो, सफरचंद, स्ट्रॉबेरी. नारिंगीत गाजर आणि संत्रं. पिवळ्यात ढोबळी मिरची. हिरव्यात पालकाशेजारी ब्रोकोली. जांभळ्यात द्राक्षं आणि आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेली नसतील अशी ब्लूबेरी. खाली सल्ला: रोज सात रंग खा.

गेल्या उन्हाळ्यात आई ऊसतोडीवरून परतली आणि भाच्याच्या वजनासाठी मी तिला घेऊन अंगणवाडीत गेलो. रांग मोठी होती. ती बराच वेळ ते ताट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "समदं इकतचं हाय रं हे. आन् काळं कुठंय ह्यात?"

पहिलं वाक्य मला लगेच कळलं. दुसरं कळायला जवळपास वर्ष गेलं. हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते, आता वेबसिरीजचीही होते. सल्ल्याची समीक्षा मात्र कुणी करत नाही. पण सल्ला हासुद्धा मजकूरच असतो. त्याला लेखक असतो, त्याच्या मनात एक वाचक असतो, आणि तो काही गोष्टी न सांगता सोडून देतो. ‘इंद्रधनुष्य खा’ हा आपल्या पिढीने बहुतेक सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला मजकूर असेल. रीलवर पाहतो, जिमच्या भिंतीवर पाहतो, दवाखान्याच्या कॅलेंडरवर पाहतो. तेव्हा एकदा तो नीट वाचू.

आधी त्याच्या बाजूने. सल्ला चुकीचा नाही. फळाभाजीचा रंग म्हणजे बहुतेक वेळा त्यातलं एखादं रसायन. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा, गाजराचा नारिंगी बीटा-कॅरोटीनचा, जांभळाचा जांभळा अँथोसायनिनचा. पालेभाजीत हिरव्या हरितद्रव्याखाली पिवळं ल्युटीन दडलेलं असतं. झाड हे रंग स्वतःसाठी तयार करतं: उन्हापासून बचाव म्हणून, किडे-पाखरांना बोलावण्यासाठी किंवा हुसकावण्यासाठी. ते आपल्याही कामी येतात. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, आणि लोकांच्या ध्यानात राहावं म्हणून त्या आकड्याला कुणीतरी रंग दिले. अमेरिकेत २००१-०२च्या सुमारास ‘तुमच्या आहाराचा रंग कोणता’ या धर्तीची पुस्तकं आली आणि तिथून ही कल्पना जगभर गेली. आपल्याकडे २०१८ साली पोषण अभियान सुरू झालं. दर सप्टेंबरच्या पोषण महिन्यात अंगणवाड्यांमध्ये रंगीत ताटं मांडली जातात.

म्हणजे विज्ञान ठीक आहे. अडचण उपमेत आहे. इंद्रधनुष्य दिसायला दोन गोष्टी लागतात: पाऊस पडलेला असावा आणि तुम्ही योग्य जागी उभे असावेत. बीड जिल्ह्यात या दोन्हींची खात्री कुणी देत नाही.

आमच्याकडेही इंद्रधनुष्याचा एक दिवस आहे. संक्रांतीच्या आदला दिवस, भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट. खेंगट म्हणजे त्या हंगामात रानात जे जे असेल ते एका पातेल्यात: वांगी, गाजर, वाटाणा, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, ओले शेंगदाणे, वरून तिळाचा कूट. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण प्रत्येक आजीला पाठ असते. तिकडे लातूर-धाराशिवकडे येळवशीला शेतात बसून जी भज्जी खातात तिचीही जात हीच. कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या आधी कुणीतरी हे ओळखलं होतं, की वर्षातून एकदा तरी सगळं शिवार एका ताटात यावं.

पण खेंगटाची पाककृती खरं तर शेताच्या नकाशावर लिहिलेली असते. आजोबांच्या रानात बाजरीत तूर असायची, मटकी आणि हुलगा असायचा, बांधाला अंबाडी. रब्बीच्या जोंधळ्यात मधेमधे करडईचे तास. करडई कोवळी असताना भाजी, पुढे तेल. खुरपताना बायका तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी ओट्यात घालून आणायच्या. त्याला कुणी पीक म्हणत नव्हतं, त्यामुळे त्याचा हिशेबही नव्हता. आधी रंग रानात होते, म्हणून ते पातेल्यात आले.

आता आमच्या शिवारात खरिपाला दोन रंग दिसतात: कपाशीचा पांढरा आणि सोयाबीनचा पिवळा. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे तणनाशक आलं. तणनाशकाला तण आणि तांदुळजा यांतला फरक कळत नाही. पाणी पोचलं तिथे ऊस. नगदी पीक घेणाऱ्याला मी दोष देत नाही. कर्ज नगदी असतं, तेव्हा पीकही नगदीच लागतं. एवढंच म्हणतो, की ज्या रानातून रंग गेले त्या रानाच्या मालकिणीला भिंतीवरचं ताट सांगतं: रंग खा.

आणि कॅलेंडरमधली खोच बघा. भोगी येते जानेवारीच्या मध्यावर. आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कर्नाटक अशी पांगतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे शिवारात घाटे भरतात, पावटा लागतो, बोरं पिकतात, तेव्हा कोयता परमुलखात असतो. आमचं सीताफळ घ्या. बालाघाटाच्या डोंगरउतारावर ते वेड्यासारखं येतं, २०१६मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते पिकतं नेमकं टोळ्या गाड्या भरायला लागतात तेव्हा. डोंगरातून तोडणाऱ्या बाया ते पाटीत घालून रस्त्यावर विकायला बसतात. घरी येतं ते फुटलेलं.

तोडीवर आई पहाटे तीन-साडेतीनला चूल पेटवते. भाकरी, वर चटणी किंवा डाळीचं पातळ कोरड्यास. फडात दुपारी तेच. आठवडी बाजाराच्या दिवशी उसाचं वाढं विकून आलेल्या पैशातून माळवं येतं: बटाटे, वांगी, एखादी मेथीची जुडी. शाळेत असताना मी गावात हंगामी वसतिगृहात जेवायचो, त्यामुळे हे ताट मी रोज पाहिलेलं नाही. सुट्टीत जायचो तेव्हा पाहिलं. त्यात रंग कमी होते, पण सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: जे होते ते भिंतीवरच्या ताटात नाहीत. भाकरीला लावलेले तीळ. कारळाची काळी चटणी. जवसाची तपकिरी. हुलग्याचं माडगं. काळा मसाला. गूळ.

इंद्रधनुष्यात काळा रंग नसतो. तपकिरीही नसतो. आणि आमचं ताट याच दोन रंगांवर चालतं.

हे नीट कळलं ते एका पुस्तकामुळे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. पाटोळे धाराशिव जिल्ह्यातले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं त्यांनी त्यात नोंदवलं आहे. २०२४मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि मग शहरातल्या वाचकांनीही ते उचललं. शीर्षकातच पुस्तकाचं भांडण आहे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्याच्या ताटात काय होतं, आणि गावकुसाबाहेरच्या ताटात काय होतं? ज्याला कायम उरलेलं, टाकलेलं, मागून आणलेलं मिळालं, त्याचं ब्रह्म पूर्ण कसं असेल?

मराठीत पाककृतींची पुस्तकं काही थोडी नाहीत. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापावर पिढ्यांना स्वयंपाक शिकवला. पण माप सांगण्यासाठी डबे भरलेले असावे लागतात. पाटोळ्यांच्या स्वयंपाकघरात पाककृतीची सुरुवात ‘काय नाही’ इथून होते. तेल नाही, तूप नाही, मग चव कशाने आणायची? तिथून चान्या येतात, वजडी येते, रक्ती येते. चान्या म्हणजे उन्हात वाळवलेलं मांस, काळपट. रक्ती म्हणजे शिजवलेलं रक्त, गर्द तपकिरी. हे रंग कुठल्याही पोषणाच्या भिंतीवर येणार नाहीत. येऊ द्यायला समाजाची जीभ अडते.

आता हे एका आकड्याशेजारी ठेवा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. गावातल्या शिबिरात आईचं ८.२ निघालं होतं. तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि सल्ला मिळाला, रंगीत फळं-भाज्या खा. फळांनी काहीच होत नाही असं नाही. लिंबा-आवळ्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा अडथळा करतो, हेही तिला कुणी सांगायला हवं होतं. पण शरीराला सगळ्यात सहज घेता येणारं लोह मांस, काळीज आणि रक्त यांत असतं, हे साधं पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. त्याखालोखाल आमच्या ओळखीचे तीळ, कारळं, हुलगा, अळीव. रक्तासाठी जे लागतं त्याचा मोठा वाटा इंद्रधनुष्याच्या बाहेर आहे. ज्या वर्षी पाटोळ्यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुस्तकातल्या काही पाककृती छापल्या जात असतानाच इतिहासजमा झाल्या.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. ते दोन समाजांचं आहे आणि तसं ते स्पष्ट म्हणतं. ऊसतोडीच्या कोपीतलं ताट, ज्यात अनेक जातींची माणसं एकाच मुकादमाच्या हाताखाली जवळपास एकसारखं खातात, ते त्याच्या कक्षेत येत नाही. ते अजून कुणी लिहायचं आहे. आणि वाचक म्हणून आपल्यालाही एक मोह होतो. अभावातून आलेल्या पदार्थाचं कौतुक करता करता आपण अभावाचंच कौतुक करू लागतो. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष झालं, ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ म्हणायला लागले, मॉलमध्ये बाजरीचे कुकीज आले. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने १९७२च्या दुष्काळातली मिलो सांगितली असती: अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, जिची भाकरी तांबडी व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. त्या वर्षी आमच्या ताटातही लाल रंग होता. रंग कुणी निवडला आणि कुणावर पडला, यात हा फरक आहे.

‘खा’ हे क्रियापद आज्ञार्थी आहे. ते एकट्या माणसाशी बोलतं, ज्याच्यासमोर सगळं मांडलेलं आहे आणि ज्याने फक्त हात पुढे करायचा आहे. त्यात रान नाही, बाजार नाही, उचल नाही, जात नाही. मला ती भिंत पुसायची नाही. तिथे दुसरं काहीतरी रंगवलेलं हवं आहे: बारा महिन्यांचं गोल वर्ष. आषाढात तांदुळजा आणि घोळ. भादव्यात अंबाडी. दिवाळीआधी सीताफळ. थंडीत करडई, हरभऱ्याचा पाला, बोरं. उन्हाळ्यात वाळवलेलं माळवं, हुलग्याचं माडगं. बारमाही तीळ, कारळं, अंडं, आणि जे खातात त्यांच्यासाठी काळीज. आणि एका कोपऱ्यात, कोयता परमुलखात असतो ते महिने वेगळ्या रंगाने. म्हणजे ताट रंगवणाऱ्यालाही दिसेल, की त्या महिन्यांत शिधा कुठे पोचवायचा आहे.

यंदा भोगीला आई सांगली जिल्ह्यात होती. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. कोपीतल्या चुलीच्या उजेडात काढलेला, हललेला. जर्मलच्या पातेल्यात खेंगट. खेंगट शिजलं की गाजराचा नारिंगी, वाटाण्याचा हिरवा, वांग्याचा जांभळा सगळं तिळाच्या कुटात मिसळून जातं. रीलवर टाकावं असं त्यात काही नव्हतं. एकच रंग होता, तपकिरी.

फोटोखाली व्हॉइस मेसेज होता. "वांगं हाय, गाजर हाय, पावटा बाजारातनं आणला. हरभरा शेजारच्या मालकिणीनं दिला, बांधावरचा. बोरं न्हाईत घावली. तीळ घरनं आणलेलेच हायेत. आन् कारळं टाकलंय थोडं. तू जेवला का?"